गूळ, खडीसाखर आणि दादाचे गुडघे

गांधीबाग, नागपूर
सर्वपित्री अमावस्या

चि. छकुली,


तू पाठवलेले सीबीडीच्या तिन्ही बाटल्यांचे फोटो काल दुकानात बसून मोठे करकरून पाहिले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण लेबल दिसलं की वाचायचंच, ही चाळीस वर्षांची खोड. ‘बाबांच्या गुडघ्यांसाठी फुल स्पेक्ट्रम, ब्रॉड स्पेक्ट्रम की आयसोलेट?’ असं विचारलंस. सांगतो.

झाड भांगेचंच. त्यात सीबीडी असतं, नशा आणणारं टीएचसी असतं आणि आणखी शंभरेक भावंडं असतात. फुल स्पेक्ट्रम म्हणजे गूळ समज: रसातलं बरंच काही त्यात राहतं, थोडं टीएचसीसुद्धा. तुमच्याकडे अमेरिकेत कोरड्या वजनावर ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेलं झाड कायद्याने हेम्प ठरतं. आयसोलेट म्हणजे खडीसाखर, नुसतं सीबीडी. ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे बाकी सगळं ठेवून टीएचसी तेवढं काढलेलं; याला गुळाच्या दुकानात उपमा सापडत नाही. आणि ‘काढलेलं’ याचा अर्थ त्या प्रयोगशाळेच्या यंत्राला सापडलं नाही, एवढाच. रोज फुल स्पेक्ट्रम घेणाऱ्याच्या लघवीच्या तपासणीत टीएचसी निघू शकतं, हे जावईबापूंच्या कानावर घाल. त्यांच्या नोकरीत तपासणी होते म्हणाली होतीस.

सगळे घटक एकत्र असले की गुण जास्त येतो, असं विकणारे सांगतात. वैद्यांच्या घरात वाढलेल्या मला हे पटायला आवडेल, पण माणसांवरचा भक्कम पुरावा अजून तोकडा आहे. उलट तुमच्या अमेरिकेत 2018 साली औषध म्हणून मंजूर झालं ते एपिडिओलेक्स शुद्ध सीबीडीचंच, तिळाच्या तेलात विरघळवलेलं, तेही लहानपणी सुरू होणाऱ्या अवघड फिट्सच्या आजारांसाठी. गुडघ्यांसाठी नाही. त्याचा डोस बघ: किलोमागे रोज 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात. दादा 60 किलोचा, म्हणजे दिवसाला 300. तुझ्या पहिल्या बाटलीत 30 मिलीमध्ये मिळून 1000. सव्वातीन दिवसांत बाटली रिकामी! लेबलवर सांगितलेल्या अर्ध्या ड्रॉपरने काय होणार, तूच सांग.

बरं, लेबलवर तरी किती विसंबायचं? 2017 साली छापून आलेल्या एका पाहणीत अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली 84 उत्पादनं तपासली, तर लेबलवरचा आकडा जेमतेम 26 मध्ये जुळला आणि 18 मध्ये टीएचसी निघालं. म्हणून मी प्रकार नंतर विचारतो, आधी त्या बॅचचा बाहेरच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागतो. तुझ्या तीनपैकी दोन बाटल्यांवर बॅच नंबरच दिसेना.

इथलाही एक मासला सांगतो. कापड बाजारातले आपले शेजारी झोप येत नाही म्हणून ‘हेम्प ऑइल’ची महाग बाटली घेऊन आले, महिनाभर जिभेखाली धरली. मी चष्मा लावून वाचलं तर बियांचं तेल! बियांत सीबीडी असलंच तर नावापुरतं. 2021 पासून बी, तेल आणि पीठ खाद्य म्हणून विकायला परवानगी आहे, चटणीत छान लागेल. त्यांचा चेहरा पडला. ‘बाप्पा, मंग महिनाभर मी झोपलो कसा?’ म्हणे.

आपल्याकडचा कायदाही झाडाचे भाग पाडूनच बोलतो. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येबाहेर. आयुर्वेदात भांग म्हणजेच विजया. बी सोडून बाकी भांग विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणून ती घातलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं छापावं लागतं. ब्रिटिशांनी 1893-94 मध्ये यावर आयोगच बसवला होता. तेव्हा आपल्या मध्य प्रांतातला गांजा खंडव्याकडे पिकायचा आणि राजधानी होती हे आपलं नागपूर. पण भरकटलो.

मुद्दा असा की हृदयाचा व्हॉल्व्ह बदलल्यापासून दादा रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन घेतो. ती गोळी लिव्हरमध्ये ज्या वाटेने निकामी होते, ती वाट सीबीडी अडवू शकतं. मग रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं, आयएनआर चढतो. असं झालेल्या रुग्णाची नोंद आहे. आणि सीबीडी तर तिन्ही बाटल्यांत आहे! गूळ घे नाहीतर खडीसाखर, मधुमेह्याला काय फरक पडणार? दादाच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही बाटली मी घरात येऊ देणार नाही, तू रागावलीस तरी.

शिवाय तू दुबईमार्गे येतेस. तिकडे सीबीडीलाही मनाई आहे, फक्त विमान बदलायचं असलं तरी बॅगेत ठेवू नकोस. इकडच्या कस्टमला फुलोरा, राळ समजावत बसायची माझी तर ताकद नाही.

दादासाठी काही आणायचंच असेल तर गुडघ्याला बांधायचा तो गरम पट्टा आण, मागचा त्याने इस्त्रीसारखी वायर गुंडाळून बिघडवला. काल चितार ओळीत देवीच्या मूर्तींचे डोळे रेखताना बघायचं म्हणून इथून पायी गेला. येताना रिक्षा केली, पण घरी कबूल करत नाही.

तुझा,
काका