चौकट कुठे पडली

पैठणच्या नाथसागराच्या काठावर रोहित आणि चक्रवाक मोजण्यात माझे पाच हिवाळे गेले. शिष्यवृत्ती संपली, घरी पगार हवा होता. छत्रपती संभाजीनगरात एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागलो.

परिसंस्थेचा धडा म्हणजे आपल्या हातचा मळ, असं वाटायचं. पहिल्याच पावसाळ्यात बारावीची ६० मुलं घेऊन मागच्या मैदानावर गेलो. एक मीटर लांब-रुंद चौकट टाकायची, आतली रोपं मोजायची, सगळी बेरीज चौकटींच्या संख्येने भागायची. झाली घनता.

मैदानावर गाजरगवत माजलं होतं. मोजायला सोपं जावं म्हणून मुलं ते उपटायला लागली. मी दुसऱ्या टोकाला. "सर, हात लई खाजायलेत," म्हणत एक मुलगी आली, तोवर मनगटावर पुरळ उठलं होतं. हे गवत अंगाला बाधतं, हे मला माहीत होतं. सांगायचं राहिलं. साबणाने हात धुवायला लावले, तिच्या घरी मीच फोन केला. रात्री पुरळ उतरल्याचं कळेपर्यंत जेवण गेलं नाही.

दुसरी चूक वहीत सापडली. घनता भलतीच जास्त. सगळ्यांनी चौकट हिरवळ बघून टाकली होती, उघड्या मुरमावर एकही नाही. रागावणार होतो. पण पैठणला पहिल्या हिवाळ्यात मीही मोटारसायकल जाईल तिथूनच पक्षी मोजले होते, आणि त्या सगळ्या नोंदी वाया गेल्या होत्या. ते मुलांना सांगितलं. हसली.

पुढच्या वेळी २०-२० चेच गट नेले. विकतच्या लाकडी चौकटींऐवजी चार खिळे आणि सुतळी. कर्ण १४१ सेंटिमीटर भरला की चौकट काटकोनात बसते. मैदान पावलांनी आखलं आणि चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या. पूर्ण बाह्यांचे कपडे, उपटायचं काहीच नाही. शास्त्रीय नावांचा हट्टही सोडला. आघाडा, तरोटा, कंबरमोडी ही नावं खेड्यावरून येणाऱ्या मुलांना माझ्याआधी आठवायची. ओळखू न आलेल्या रोपाला नुसतं क, ख.

आणि शिपाईमामांना आदल्या दिवशी गाठायचं. एकदा आम्ही पोचलो तर त्यांनी अख्खं मैदान खुरपून लख्ख केलेलं. पोरं येणार म्हणून.