सौ.चं खाणं आणि माझी वही



इथे आपल्या इंदूरच्या जुन्या वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या, सराफ्यातल्या खाण्याच्या आठवणी निघतात, त्या मी आवडीनं वाचतो. आजची आठवणही खाण्याचीच आहे, पण जरा वेगळी. परवा कॉलनीतल्या एका वहिनींनी विचारलं, "यांची कीमो सुरू झालीय, जेवायला काय देऊ?" त्यांना सांगितलं ते सगळ्यांसाठीच लिहितो.

२०१८ साली आमच्या सौ.ला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग दर २१ दिवसांनी कीमो. मी ३६ वर्षं बँकेत घालवलेला बी.कॉम. माणूस. स्वयंपाकात चहापलीकडे मजल नाही, पण हिशेब येतो. म्हटलं, हिच्या जेवणाचं आपण बघू. आणि तिथेच चुकलो.

मोबाइलवर आलं होतं की साखरेवर कॅन्सर वाढतो. बडोद्याहून अक्काचा फोन, दूध बंद कर. शेजारचे म्हणाले, गव्हांकुराचा रस द्या. मी सगळ्यांचं ऐकलं. साखर, दूध, भात, तूप, सगळं बंद. सकाळी कारल्याचा रस, दुपारी बिनतेलाची दुधीची भाजी. ताट तसंच परत यायचं आणि मी चिडायचो. एक दिवस ती हळूच म्हणाली, "अहो, आजारानं व्हायचं ते होईल, पण मला उपाशी नका मारू."

तिसऱ्या कीमोच्या आधी वजन केलं, तर ५८ चं ५२. पांढऱ्या पेशीही कमी. डॉक्टरांनी डोस आठवडाभर पुढे ढकलला आणि आम्हाला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी मुलगी. सगळं ऐकून म्हणाली, "काका, साखर बंद करून कॅन्सर उपाशी राहत नाही, काकू उपाशी राहतात." ऑडिटरसमोर कधी गेली नव्हती इतकी मान खाली गेली.

त्या दिवशी नवी वही घातली. तिनं सांगितलं होतं, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. म्हणजे हिला साठेक ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण म्हणजे सहा-सात, कपभर दूध तेवढंच, ५० ग्रॅम पनीर म्हणजे नऊ. आमच्याकडे अंडं चालत नाही, म्हणून शेंगदाण्याचं कूट जिथे जमेल तिथे. तीन वेळच्या ताटाऐवजी दर दोन तासांनी थोडं थोडं. गुरगुट्या भात नि तूप, मुगाची खिचडी, शिकरण. (मधुमेह असेल तर गोडाचं आधी डॉक्टरांना विचारा.)

बाकी गोष्टी अनुभवानं कळल्या. स्टीलच्या चमच्यानं तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणायची, मग लाकडी चमचा आणला. गरम अन्नाच्या वासानं मळमळायचं, ते गार करून दिलं की जायचं. तोंड आलं की मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या चुळा. पेशी कमी असताना बाहेरचं, कच्चं, कापून ठेवलेलं फळ, काही नाही. आणि कीमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ देऊ नका. मी कौतुकानं श्रीखंड दिलं होतं, पुढे दोन वर्षं तिला त्याचा वास सहन झाला नाही. काढे, रस, चूर्णं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, औषधाच्या आड येऊ शकतं.

चौथ्या कीमोनंतर सकाळी सहाला उठून म्हणाली, "पोहे खावेसे वाटतात हो." आता इंदूरच्या माणसानं पोहे मागितले तर नाही कसं म्हणायचं? पण ठेल्यावरचे चालणार नव्हते. मग मीच उभा राहिलो. तिनं पलंगावरून सांगितलं, मी केलं. पोहे भिजवले, बडीशेप नि हळदीची फोडणी, चिमूटभर साखर, आणि आपल्याकडच्यासारखं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वाफवले. तोंड आलेलं, म्हणून मिरची नाही, लिंबू नाही, सेव नाही, जीरावन नाही. असले पोहे इंदुरात कुणी विकले असते तर दुकान बंद पडलं असतं. तिनं बशी रिकामी केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

शेवटच्या कीमोला वजन ५५ होतं. आज ती बरी आहे, तपासण्या चालू असतात. रविवारचे पोहे अजून मीच करतो. परवाच म्हणाली, "मीठ कमी पडलं." मी म्हटलं, "नोंद घेतली."

वही अजून कपाटात आहे. कुणाच्या घरी हा प्रसंग असेल तर एवढंच सांगीन, माणसाचं ताट काढून घेऊ नका. काय खायचं ते आधी त्या माणसाला विचारा, मग डॉक्टरांना, आणि आम्हा नातेवाइकांना सगळ्यात शेवटी.