मसिसीच्या टेकड्या आणि शांततेचं काम

पूर्व काँगोतला संघर्ष म्हणजे जमातींचं जुनं वैर, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, भारतीय ब्रिगेडमधला अधिकारी म्हणून, २०१०-११च्या सुमारास मी तिथल्या उत्तर किवू प्रांतात होतो. परतल्यापासून व्याख्यानाला कुठेही गेलो, तरी 'ती माणसं आपसात का लढतात?' हा प्रश्न येतोच. माझं उत्तर असं की ही लढाई जमिनीची आणि नागरिकत्वाची आहे, आणि तिची मांडणी बेल्जियन राजवटीत झाली. हे ध्यानात न घेता तिथे गस्त घालता येते, शांततेचं काम करता येत नाही.

किवू सरोवराच्या काठावरचं गोमा हे प्रांताचं मुख्य शहर. न्यिरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा २००२मध्ये या शहरातून वाहत गेला. त्याच काळ्या खडकावर लोकांनी पुन्हा घरं बांधली, आणि त्यावरूनच चुकुडू नावाच्या लाकडी दुचाक्यांवर पोती लादून ढकलत नेतात. साके गाव मागे पडलं की मसिसीच्या टेकड्या सुरू होतात. ज्वालामुखीची कसदार माती, मुबलक पाऊस, थंड हवा. घेवडा आणि बटाटा भरभरून येतो, कुरणांत गाई चरतात. एवढी सुपीक जमीन, आणि गावोगाव ताडपत्रीच्या झोपड्यांत राहणारे विस्थापित. हे कोडं सोडवायचं तर मागे जावं लागतं.

१८८५मध्ये काँगो ही राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी मालमत्ता झाली. रबरासाठी तिथे जे अत्याचार झाले त्यांची जगभर निंदा झाल्यावर १९०८मध्ये बेल्जियम सरकारने ती वसाहत ताब्यात घेतली. पहिल्या महायुद्धानंतर शेजारचा रुआंडाही बेल्जियमकडे आला. मसिसीत युरोपियनांचे मळे उभे राहत होते, त्यांना मजूर हवे होते. रुआंडात माणसं जास्त, जमीन कमी आणि वरचेवर दुष्काळ. म्हणून १९३७पासून १९५५पर्यंत प्रशासनाने योजना आखून हजारो रुआंडी कुटुंबं या टेकड्यांवर आणून वसवली. इथले मूळ हुंडे लोक. त्यांच्या प्रमुखाला म्वामी म्हणतात. त्याला मोबदला देऊन गिशारीचा प्रदेश घेतला गेला, तिथे नव्या लोकांसाठी वेगळा प्रमुख नेमला. १९५७मध्ये ती व्यवस्था मोडीत काढली. माणसं मात्र तिथेच राहिली, कोणाच्या अधिकाराने राहायचं हे न ठरता.

१९६०मध्ये देश स्वतंत्र झाला, पण हा गुंता सुटला नाही. १९७२च्या कायद्याने १९५०पूर्वी आलेल्यांना नागरिकत्व दिलं. १९८१च्या कायद्याने ते काढून घेतलं: ज्यांचे पूर्वज १ ऑगस्ट १८८५ला या भूमीत होते, तेच नागरिक. म्हणजे लिओपोल्डचं राज्य सुरू झालं ते वर्ष स्वतंत्र देशाने माणसाच्या हक्काची कसोटी म्हणून स्वीकारलं. १९९३मध्ये मसिसीत कत्तली झाल्या. पुढच्याच वर्षी रुआंडातल्या वंशसंहारानंतर लाखो निर्वासित गोमाकडे लोटले, त्यांच्यात तो संहार घडवणारेही होते. तेव्हापासून युद्ध पुरतं थांबलेलंच नाही. २००४च्या कायद्याने १९६० हे वर्ष धरून नागरिकत्वाचा प्रश्न बराचसा सोडवला. जमिनीचा तसाच राहिला.

आमच्या चौकीखालच्या गावात आठवडी बाजार पुन्हा भरावा म्हणून आम्ही बैठक बोलावली होती. एक हुंडे वृद्ध म्हणाले, "आमच्या म्वामीने जमीन कसायला दिली होती, विकली नव्हती." समोरच्या बाजूचा, रुआंडाची किन्यारवांडा भाषा बोलणारा शेतकरी उठला. "माझ्या आजोबांना गोऱ्या साहेबांनी इथे आणलं. माझा बाप इथे जन्मला, मी इथे जन्मलो. मी कुठे जाऊ?" दोघंही खरं बोलत होते. ज्या प्रशासनाने हा व्यवहार केला, ते त्या बैठकीत उत्तर द्यायला नव्हतं. त्या दिवशी जमिनीचा निकाल लागणं शक्य नव्हतं. बाजार कुठल्या वारी, कुठल्या रस्त्याने आणि कोणाच्या पहाऱ्यात भरेल एवढं ठरलं. बाजार भरला, दोन्हीकडच्या बायका शेजारी शेजारी पोती मांडून बसल्या. माझ्या लेखी ते मोठं यश होतं.

या यशाचे खरे मानकरी आमचे काँगोली सहकारी. मिशनने त्या सुमारास चौक्यांवर स्थानिक संपर्क-सहायक नेमायला सुरुवात केली होती. त्यांना फ्रेंच, स्वाहिली आणि त्या टेकडीची बोली येई. कोणत्या गावात कोण भेदरलंय, कोणत्या वाटेने हत्यारबंद येतात, हे त्यांना फोनवर आधी कळे. आमच्या जवानांचं धैर्य मी पाहिलं आहे, पण भाषेविना धैर्य आंधळं असतं. शिवाय तुकड्या बदलत राहतात. आम्हाला गावाची ओळख पटेपर्यंत सामान बांधायची वेळ येई. सहायक तिथेच राहत, आणि आमच्यासोबत दिसल्याचा धोका आम्ही गेल्यावरही पत्करत.

वसाहतवादाची सावली आमच्या कामावरही होती. गावाचं दुखणं स्वाहिलीतून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत येई, आणि अहवालात घटनेपुढे पहिली नोंद होई ती जमातीची. बेल्जियन प्रशासनाने १९३०च्या दशकात रुआंडात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी, त्वा असे शिक्के मारले होते. आपल्या नोंदीने तेच शिक्के पुन्हा गडद होतात, ही जाणीव मला सतत टोचत असे. ज्यांच्या देशात १८७१च्या कायद्याने सबंध जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि १९५२मध्ये तो कायदा गेल्यानंतरही पारध्यांच्या पालांवरचा संशय गेला नाही, त्या देशाच्या सैनिकाला ही जाणीव असायलाच हवी.

भारताचं काँगोशी नातं जुनं आणि रक्ताचं आहे. ५ डिसेंबर १९६१ला एलिझाबेथव्हिल, म्हणजे आजच्या लुबुंबाशीत, कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. शांतिसेनेत परमवीरचक्र मिळवणारे ते एकमेव. जुलै २०२२मध्ये बुटेम्बोत मिशनविरोधी उद्रेकात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान गेले. त्या जमावाचा राग मी समर्थनीय मानत नाही, पण समजू शकतो: वर्षानुवर्षं परके सैनिक पाहूनही ज्यांना आपल्या शेतावर परतता येत नाही, त्यांचा धीर सुटतो. जानेवारी २०२५मध्ये एम-२३ बंडखोरांनी गोमा पुन्हा घेतलं, तेव्हा त्या बाजारातली माणसं कुठे असतील या विचाराने मला झोप लागली नाही.

मग आमचं काम वाया गेलं का? मी तसं मानत नाही. सैनिक वेळ मिळवून देतो: एका पेरणीचा, एका शाळेच्या वर्षाचा. त्या वेळात जमिनीच्या हक्काची नोंद करणं, म्वामींना आणि कसणाऱ्यांना एका बैठकीत बसवणं, हे राज्यकर्त्यांचं आणि जगाचं काम होतं. ते फार थोडं झालं. पण आपल्या वाट्याचं काम आपण नीट करू शकतो. शांतिसेनेत निघालेल्या तरुण अधिकाऱ्यांना मी सांगतो: जाल त्या टेकडीवर कोण कसतो, कोणाच्या शब्दावर कसतो, त्याच्याकडे कोणता कागद आहे, हे विचारा. दोन वेगळी उत्तरं मिळतील. दोन्ही लिहून घ्या, आणि चौकी सोडताना हत्यारांच्या यादीइतक्याच काळजीने ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्या.