टाळ्यांचे शब्द आणि नकोसा शब्द

सॉफ्टवेअरच्या जगात काही शब्दांना टाळ्या ठरलेल्या आहेत: ‘मेरिट’, ‘ओपन’, ‘डायव्हर्सिटी’. कोड लिहिणारी आम्ही आंबेडकरी मुलं हे रोज पाहतो. ‘जात’ हा शब्द काढला, की मात्र ‘इथे राजकारण नको’ सुरू होतं.

२०२० साल आठवा. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर गुलामगिरीची आठवण देणारे ‘मास्टर’, ‘स्लेव्ह’ हे शब्द कोडमधून काढण्याच्या मागणीने जोर धरला. १ ऑक्टोबरपासून गिटहबने नव्या रिपॉझिटरीच्या मुख्य ब्रँचचं नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केलं. चांगलंच झालं. शब्दातला अपमान काय असतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने सिस्कोवर खटला भरला. दलित इंजिनिअरशी जातिभेद केल्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. पुढे २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने जातिभेदविरोधी विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून ते रोखलं. कारण काय, तर आहेत ते कायदे पुरेसे आहेत!

ब्रँचचं नाव बदलायला एक कमांड पुरते. भरती आणि बढती कोण ठरवतं, हे बदलायला सत्ता सोडावी लागते. ज्या शब्दाने कुणाच्याच खुर्चीला धक्का लागत नाही, त्याला टाळ्या स्वस्तात मिळतात.

म्हणून मित्रांनो, टाळी वाजवण्याआधी विचारा: मेरिटची कसोटी कुणी ठरवली? तक्रार ऐकणाऱ्या समितीत कोण बसलंय? धोरणात ‘जात’ हा शब्द लिहिलाय का? उत्तर मिळेपर्यंत आपली टाळी राखून ठेवू.

जय भीम!