अहेरीचा माणूस समुद्रशास्त्राला

नौदलात काही वर्षं जहाजावर काढली की स्पेशलायझेशन निवडायची वेळ येते. माझे बहुतेक सोबती तोफखाना नाहीतर नॅव्हिगेशनकडे वळले. मी मागितलं समुद्रशास्त्र आणि हवामान, म्हणजे कोचीला जाऊन पुन्हा वह्या-पुस्तकं. अहेरीला फोन केला तर बाबा म्हणाले, "का गा, नौकरी आहे ना तुले, आता आणखी शिकून का करतं?"

निवड समितीनं जवळपास तेच विचारलं, फक्त इंग्रजीत. गडचिरोली म्हणजे जंगल आणि नक्षलवाद, त्याचा समुद्राशी काय संबंध? (हा प्रश्न आम्हा गडचिरोलीकरांना कुठंच चुकत नाही.) मी म्हटलं, सर, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ओडिशा, छत्तीसगड ओलांडून तो आमच्याकडे येतो. त्यावर आमची धानाची रोवणी होते, आणि त्यानंच पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो. पुढं ते पाणी परत उपसागरातच जातं: वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला.

"बरं. त्या गोड्या पाण्याचं पाणबुडीशी काय?"

इथं मला बोलायला जागा मिळाली. जहाजावर आम्ही एक्सबीटी टाकायचो. वीतभराचा, जड नाकाचा तुकडा. केसासारखी बारीक तांब्याची तार उलगडत तो खाली जातो, खोलीगणिक तापमान वर कळवतो आणि तार संपली की तुटून तळाला. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. पाणी कोमट असेल तर जास्त, थंड असेल तर कमी, आणि तो वळतो थंड पाण्याकडे. उन्हानं वरचा थर तापला की सोनारचा आवाज खाली वाकतो आणि काही अंतरापुढं पाणबुडी असूनही सापडत नाही. सकाळी नीट चालणारं सोनार दुपारी आंधळं का होतं, या कोड्यानं 1930च्या दशकात अमेरिकी नौदलही हैराण झालं होतं. आपल्या उपसागराच्या उत्तरेला हिवाळ्यात उलटं घडतं. नद्यांचं हलकं पाणी वर तरंगतं, थंड होऊनही बुडत नाही. खाली पाणी जास्त उबदार. मग आवाज वरच्याच थरात अडकून लांबवर जातो.

त्यानंतर गणित. आंशिक विकलक समीकरणं कॉलेज सुटल्यापासून हातात नव्हती, घाम फुटला. थेट एमएस्सी झालेली मुलं इथं माझ्या कितीतरी पुढं असती. तरी पहारा केलेल्यांतून माणसं निवडून मग शिकवायला पाठवणं मला पटतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत समुद्रशास्त्रज्ञ स्वेरड्रुप आणि मंक यांनी लाटांचा अंदाज शिकवला तो लष्करी अधिकाऱ्यांनाच. किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं होतं. तिथं नुसता सिद्धांत कामाचा नव्हता.

उठता उठता समितीतल्या वरिष्ठांनी विचारलं, "तुमचं गोदावरीचं पाणी ऑक्टोबरनंतर जातं कुठं?" मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. निवड झाली आणि कोचीत पहिला प्रकल्प मी तोच मागून घेतला. पावसाळा सरला की पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो. गोदावरीचं पाणी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यात मिसळून, आंध्र-तामिळनाडूचा किनारा धरत श्रीलंकेकडे उतरतं.