बॅटरीची साक्ष

गणित हा माझा विषय नव्हे. चौतीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. तरीहि आंकड्याविषयीं माझ्या मनांत लहानपणापासून एक आदर आहे. माणूस बोलतांना वाढवून सांगतो, संकोचानें कमी सांगतो. आंकडा तसें करीत नाहीं, असा माझा समज होता. गेल्या आषाढांत एका रात्रीं तो समज ढासळला, आणि त्याची किंमत मला नव्हे, तर माझ्या नातीला द्यावी लागली. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

आमचें कुटुंब वाईला एकत्र राहतें. थोरले बंधु, मी, आमचीं मुलें, सुना आणि नातवंडें मिळून घरांत चौदा माणसें. फोन ज्याच्या त्याच्या हातांत आहे. लॅपटॉप मात्र एकच, तोहि सात वर्षांचा. पुतण्यानें नवा घेऊन तो पुण्यास नेला, तेव्हां जुना आम्हां सर्वांच्या वाट्याला आला. सकाळीं मी त्यावर तीन-चार मुलांना संस्कृत शिकवितों, दुपारीं सूनबाई हिशेब लिहिते आणि संध्याकाळीं तो नातीच्या स्वाधीन होतो.

मूळची बॅटरी थकली तेव्हां एका दुकानांतून मीं दुसरी बसवून आणली. लॅपटॉपच्या कंपनीच्या बॅटरीपेक्षां ती निम्म्याहून कमी किंमतींत मिळाली, याचा मला अभिमानच वाटला. घरीं येऊन पडद्याच्या कोपऱ्यांतला आंकडा पाहिला. शंभर टक्के! पुढचे चार महिने निर्विघ्न गेले, कारण लॅपटॉप बहुतेक वेळ भिंतींतल्या विजेवरच चाले.

त्या रात्रीं नात एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती. मुदत रात्रीं बारापर्यंत होती. बाहेर पाऊस कोसळत होता. साडेदहाला वीज गेली. पडद्यावर ४७ टक्के दिसत होते. तिनें विचारलें, "आजोबा, पुरेल ना? कीं आधीं सगळे कागद फोनवर घेऊन ठेवूं?" मी म्हणालों, "अग, निम्मी शिल्लक आहे. घाई करूं नकोस, निबंध नीट लिही." ती पुन्हा लिहूं लागली. अकरा वाजून दहा मिनिटें झालीं, आंकडा ३८ वर आला आणि पडदा एकदम काळा झाला. निबंध त्या यंत्रांत, दाखले त्या यंत्रांत, आणि यंत्र निपचित! वीज पहाटें दोनला आली. अर्ज राहिला, आणि त्याबरोबर एका वर्षाच्या फीची सोयहि गेली. पोर मला एक शब्द बोलली नाहीं. त्या ३८ टक्क्यांवर मी विसंबलों होतों आणि माझ्यावर ती.

दुसऱ्या दिवशीं मी दुकानांत गेलों. दुकानदार म्हणाला, "मास्तर, भरल्यावर कॉम्प्यूटर शंभर टक्के दाखवतो ना? मग आमचा काय दोष?" मी निरुत्तर झालों, पण समाधान झालें नाहीं. कॉम्प्यूटरला तरी तें कोण सांगतें? पुतण्या रविवारीं आला तेव्हां त्याला हाच प्रश्न घातला.

त्यानें जें समजावून सांगितलें तें असें. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला म्हणजे त्याचा दाब सुमारें ४.२ व्होल्ट असतो आणि रिकामा होतांना तो सुमारें ३ व्होल्टपर्यंत उतरतो. परंतु मधल्या बऱ्याच टप्प्यांत हा दाब इतका सावकाश उतरतो कीं, केवळ त्यावरून आंत किती उरलें हें नेमकें सांगतां येत नाहीं. म्हणून बॅटरीच्या आवरणांतच एक चिमुकली चिप बसविलेली असते. किती वीज आंत आली, किती बाहेर गेली, याची ती वही ठेवते आणि शिल्लक काढते. १९९५ सालीं ड्यूरासेल आणि इंटेल या कंपन्यांनीं 'स्मार्ट बॅटरी'चे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांचा गाभाच असा कीं, बॅटरीनें आपली माहिती आपण सांगावी. लॅपटॉप ती ऐकतो आणि पडद्यावर मांडतो.

हें ऐकतांना मला आमच्या जुन्या माजघरांतली कणगी आठवली. कणगींत डोकावून धान्य मोजतां येत नसे. किती पायल्या ओतल्या आणि किती काढल्या, यावरून शिल्लक धरावयाची. मापांत थोडी चूक झाली, कांहीं उंदरांनीं खाल्लें, कीं वहींतलें धान्य आणि कणगींतलें धान्य यांत अंतर पडत जाई. तें मोडण्याचा उपाय एकच : कणगी एकदां तळापर्यंत रिकामी करून पुन्हा मोजून भरणें. आतां अशी कल्पना करा कीं, कोणी कणगी लहान आणून ठेवली, पण वही मात्र मोठ्या कणगीचीच पुढें चालविली. माझ्या बॅटरींत तेंच झालें होतें. आंत हलके किंवा फार दिवस पडून राहिलेले सेल घालावे आणि चिपमध्यें मूळ बॅटरीची क्षमता लिहावी, हें कांहीं अवघड नाहीं.

न्यायशास्त्र शिकतांना प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द हीं चार प्रमाणें मीं पाठ केलीं होतीं. कोपऱ्यांतला आंकडा मी प्रत्यक्ष समजत होतों. तें निघालें अनुमान. आणि त्या अनुमानाचा आधार काय, तर बॅटरी बनविणाऱ्याचा शब्द! शब्द हें प्रमाण खरें. पण बोलणारा आप्त असेल तर.

मग परीक्षा घ्यावयाचें ठरविलें. बॅटरीच्या लेबलावर ११.४ व्होल्ट आणि ३६०० मिलिअँपियर-तास असें छापलें होतें, गुणाकार ४१.०४ वॉट-तास. विंडोजमध्यें बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. पुतण्यानें तो काढला. मूळ क्षमता ४१,०४० मिलिवॉट-तास; पूर्ण भरल्यावरची क्षमता तीच, ४१,०४०; आणि भरण्या-रिकामें होण्याचीं आवर्तनें शून्य. चार महिने वापरलेली वस्तु म्हणते कीं, मला अजून कोणी हातच लावला नाहीं! पुतण्या हंसला. मला हंसूं आलें नाहीं.

नंतर बॅटरी बंद पडेपर्यंत लॅपटॉप चालविला. पुतण्याजवळ भिंतींतल्या खटक्यांत बसविण्याचें एक छोटें वीजमापक होतें. लॅपटॉप बंद ठेवून, त्या मापकांतून चार्जर जोडून बॅटरी पूर्ण भरली. भिंतींतून एकंदर ३१ वॉट-तास वीज गेली. त्यांतलीहि कांहीं चार्जरच्या उष्णतेंत खर्च झाली. जितकें पोटांत गेलें त्याहून अधिक पोटांत असूं शकत नाहीं, हें समजण्यास गणिताची परीक्षा द्यावी लागत नाहीं. चौतीस वर्षें मीं परीक्षा घेतल्या, पण एकाहि विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका तपासूं दिली नाहीं. येथें मात्र बॅटरीनें आपणच आपल्याला शंभर गुण दिले आणि मीं खालीं सही केली.

तथापि न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. आंकडा चुकला म्हणजे लबाडीच असते असें नाहीं. चांगल्या बॅटरीची चिपहि नव्या यंत्रांत आरंभीं अंदाजानें बोलते. अशा वेळीं बॅटरी पूर्ण भरून दोन तास तशीच ठेवावी, मग यंत्र आपोआप बंद होईपर्यंत चालवावें आणि नंतर मध्यें न थांबतां पुन्हा पूर्ण भरावी. म्हणजे चिपची वही ताळ्यावर येते. हें एकदां-दोनदां पुरे. वरचेवर तळ गांठल्यानें लिथियमची बॅटरी उलट झिजते. एवढें केल्यावर आंकडा आणि घड्याळ यांचें जमलें, तर बॅटरी प्रामाणिक समजावी. कांहीं केल्या आंकडा हलतच नसेल, तर मात्र संशय घ्यावा. आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर परीक्षा वगैरे न घेतां ती ताबडतोब बंद करावी. टोंचूं नये, दाबूं नये. जुनी बॅटरी घरच्या केरांत टाकूं नये. २०२२ सालच्या नियमांप्रमाणें ती वेगळीच गोळा केली गेली पाहिजे.

माझी वही दुकानदाराला दाखविली. तो कांहीं वेळ गप्प बसला, मग बॅटरी ठेवून घेऊन त्यानें निम्मे पैसे परत केले. लॅपटॉपच्या कंपनीकडून दुसरी आणली. तिच्या अहवालांतली क्षमता लेबलापेक्षां किंचित कमी आहे आणि महिन्या-दोन महिन्यांनीं ती थोडी हलते. पूर्वीं मला त्याची काळजी वाटली असती. आतां तो हलणारा आंकडा पाहून बरें वाटतें. कोणीतरी खरोखर मोजीत आहे, एवढा भरंवसा येतो.

यंदा नातीनें तोच अर्ज मुदतीच्या पंधरा दिवस आधीं पाठविला. लिहितांना वीज गेली, तेव्हां तिनें माझ्याकडे पाहिलें. टक्के न वाचतां मीं वही उघडली आणि म्हणालों, "सव्वातीन तास. मागच्या आठवड्यांत मोजले आहेत." ती हंसली, पण कागद तिनें आधींच फोनवर घेऊन ठेवले होते. तें मला आवडलें.

आमची मंडळी जवळच शेंगा सोलीत होती. ती म्हणाली, "अहो, परवां घाटाच्या पायऱ्या चढतांना दोनदां बसलांत, आणि डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां 'प्रकृति उत्तम' म्हणालांत. तें तुमच्या कोणत्या प्रमाणांत बसतें?"

मीं उत्तर दिलें नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं मेणवलीच्या वाटेनें फिरावयास निघालों तेव्हां घड्याळ बरोबर घेतलें, आणि दम लागून कोठें थांबावें लागलें तें परत आल्यावर त्याच वहींत लिहून ठेवलें.