चौघांत अधिक दुःखी कोण?

ट्रिस्टन आणि इझोल्ट यांची कथा आम्हीं विद्यार्थिदशेंत प्रथम वाचली, तेव्हां ट्रिस्टनच्या लग्नाच्या बायकोचा आम्हांस मनस्वी राग आला होता. यंदाच्या पावसाळ्यांत तीच कथा घरच्या मंडळींस वाचून दाखविण्याचा योग आला, आणि तो राग आमच्याच अंगावर उलटला.

इंग्लंड १०६६ मध्यें नॉर्मनांच्या हातीं गेल्यावर तेथील दरबारांत फ्रेंच भाषा नांदूं लागली. तिच्याच अँग्लो-नॉर्मन बोलींत १२व्या शतकाच्या उत्तरार्धांत टॉमस नामक कवीनें हें आख्यान रचिलें. त्याचे तुकडेच काय ते उरले आहेत. त्यांपैकीं एक तर कार्लाइल येथें एका मठाच्या जुन्या दस्तऐवजांत सांपडून १९९५ मध्यें उजेडांत आला. सरदारांच्या कथा म्हटल्या कीं तलवारींच्या खणखणाटाची अपेक्षा असते. टॉमसला मात्र रणांगणापेक्षां मनांतील उलघाल अधिक प्रिय.

मामा राजा मार्क याच्यासाठीं वधू आणावयास गेलेला ट्रिस्टन व ती वधू इझोल्ट हीं दोघें जहाजावर चुकून मोहिनी घातलेलें पेय पितात, हें बहुतेकांस ठाऊक असतें. पुढें परागंदा झालेला ट्रिस्टन ब्रिटनीमध्यें 'शुभ्रहस्ता' इझोल्टशीं विवाह करितो. कां, तर नांव तेंच आणि रूपही मोहक! लग्नाच्या रात्रीं अंगरखा काढतांना राणीनें दिलेली अंगठी बोटांतून गळते, आणि हा वीरपुरुष जुन्या दुखण्याची सबब सांगून स्वस्थ पडून राहतो. पुढें एके ठिकाणीं कवि थांबून विचारतो, राजा, राणी, ट्रिस्टन व शुभ्रहस्ता या चौघांत अधिक दुःखी कोण? आपणांस असा अनुभव नाहीं, निवाडा प्रेमिकांनींच करावा, असें म्हणून तो मोकळा होतो.

आम्हीं तो प्रश्न घरांत टाकला. आमचें मत ट्रिस्टनकडे. मुलांनीं राणीस कौल दिला. शेंगा सोलीत बसलेल्या आमच्या वडील भगिनी अक्का बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "त्या पोरीला लग्नाआधीं अंगठीचं कुणी सांगितलं होतं का रे?"

४० वर्षांत अक्कांच्या संसाराविषयीं आम्हीं एकदांही विचारपूस केली नव्हती.

शेवट आम्हीं जरा घाईनेंच वाचला. विषारी जखमेनें खिळलेला ट्रिस्टन राणीस आणावयास मेहुण्याला धाडतो. ती येत असेल तर शीड पांढरें, नसेल तर काळें. भिंतीआडून हें ऐकलेली बायको पांढरें शीड काळें म्हणून सांगते. तो प्राण सोडतो, मागोमाग राणीही.

"आणि जी मागें राहिली तिचं?" अक्कांनीं विचारलें.

आम्हीं पुन्हां पान पाहिलें. टॉमसनें समस्त प्रेमिकांस नमस्कार करून काव्य आटोपतें घेतलें आहे. त्या निरोपांत तिचें नांव नाहीं.